पडद्यामागचा संचालक

शेताच्या बांधावर उभे राहून आपल्याकडचा माणूस जो प्रश्न आधी विचारतो तो असा: 'सातबाऱ्यावर नाव कोणाचे ते कळले, पण वहिवाट कोणाची?' नाव आणि वहिवाट या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणा वकिलाने शिकवावे लागत नाही. निजामी राजवटीत जमीन एकाच्या नावे आणि कसणारा दुसराच, हा अनुभव येथे गावोगावचा होता. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यावर १९५० साली जो कायदा झाला, त्याचे नावच 'हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम' असे आहे. कागदावरील नावाच्या मागे जाऊन प्रत्यक्ष कसणाऱ्याला ओळखणे, हा त्या कायद्याचा एक मोठा हेतू होता.

आज आम्ही ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो वरकरणी शेताच्या बांधापासून फार दूरचा आहे. तो विषय कंपनी कायद्यातला आहे. कंपनीच्या दप्तरात संचालक म्हणून ज्याचे नाव कोठेच नाही, परंतु ज्याच्या सांगण्यावरून संचालक मंडळ हलते, अशा माणसाला कायदा केव्हा पकडतो, हा तो विषय होय. इंग्रजी कायद्यात अशा माणसाला 'शॅडो डायरेक्टर' म्हणजे छायासंचालक म्हणतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न आणि बांधावरचा प्रश्न मुळात एकच आहेत. आणि हा प्रश्न आता आपल्या गावापर्यंत येऊन ठेपला असल्याने त्याचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

प्रथम कंपनी म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगू. अनेक लोक भाग विकत घेऊन भांडवल उभे करतात. सगळ्यांनी मिळून कारभार पाहणे शक्य नसते, म्हणून ते काही जणांना संचालक नेमतात. मालमत्ता कंपनीची, पैसा भागधारकांचा आणि निर्णय संचालकांचा, अशी ही विभागणी आहे. ज्याच्या हाती निर्णय, त्याच्या गळ्यात जबाबदारी, हे सूत्र ओघानेच येते. पण जबाबदारी नावाला चिकटते असे दिसताच चतुर माणूस पहिले काम कोणते करतो? तो आपले नाव काढून घेतो आणि तेथे दुसऱ्याचे नाव लिहितो. पत्नी, मेहुणा, जुना कारकून, विश्वासातला गडी, कोणीही चालते. सही त्यांची आणि शब्द याचा.

ही युक्ती कायद्याच्या प्रथम ध्यानात आली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात. ब्रिटनमध्ये १९१७ साली संचालकांची माहिती उघड करण्याविषयी एक लहानसा कायदा झाला. व्यापारी कंपन्यांच्या मागे नेमके कोण आहे, कोणत्या राष्ट्राचे लोक आहेत, हे लोकांना कळावे म्हणून कंपन्यांनी आपल्या व्यापारी पत्रांवर संचालकांची नावे आणि त्यांचे राष्ट्रीयत्व छापावे, असे त्याने ठरविले. कायदा करणाऱ्यांना उघडच दिसले असेल की केवळ दप्तरातील नावे छापायला सांगितली, तर ज्याला लपायचे आहे तो चार साधी नावे पुढे करून आपण मागे राहील. म्हणून त्यांनी संचालक या शब्दाच्या व्याख्येतच एक वाक्य घातले. ज्या माणसाच्या आज्ञेप्रमाणे किंवा सूचनेप्रमाणे वागण्याची कंपनीच्या संचालकांना सवय झालेली आहे, तोही संचालकच समजावा, असा त्या वाक्याचा आशय होता. शंभराहून अधिक वर्षे उलटली, कायदे बदलले, तरी हे वाक्य थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे.

या वाक्यातील मर्म 'सवय' या शब्दात आहे. एखाद्या अनुभवी गृहस्थाचा सल्ला एकदा ऐकला, म्हणून तो गृहस्थ संचालक होत नाही. एका बैठकीत त्याच्या मताप्रमाणे ठराव झाला, म्हणूनही होत नाही. त्याने सांगावे आणि मंडळाने करावे, असे पुनःपुन्हा घडून तीच रीत पडून गेली पाहिजे. आपल्या भाषेत याला 'वहिवाट' याहून नेमका शब्द आम्हांस सापडत नाही. एक दिवस कोणी शेतातून चालत गेला, तर वाट पडत नाही. वर्षानुवर्षे पावले पडली की वाट होते, आणि मग ती नाही म्हणता येत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात कंपन्या आल्या, त्याबरोबर येथे एक निराळीच व्यवस्था रुजली. तिचे नाव मॅनेजिंग एजन्सी. मुंबईतल्या गिरण्यांचा कारभार बहुधा संचालक मंडळ प्रत्यक्ष करीत नसे. एखादी पेढी किंवा एखादे घराणे कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार करी आणि कच्चा माल घेण्यापासून कापड विकण्यापर्यंतचा सारा कारभार त्या पेढीच्या हाती असे. संचालक मंडळात बऱ्याचदा त्याच पेढीची माणसे बसत. सुरुवातीच्या काळात कित्येक एजंटांचे कमिशन नफ्यावर नसून तयार होणाऱ्या सुतावर, पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे. गिरणी तोट्यात गेली तरी सूत निघत होते तोवर एजंटाचे कमिशन चालूच. नफा-तोटा भागधारकाचा आणि मिळकत एजंटाची, असा तो न्याय होता.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मॅनेजिंग एजंट हा छायासंचालक नव्हे. त्याची सत्ता लपलेली नव्हती. ती करारात लिहिलेली, सर्वांना माहीत असलेली सत्ता होती. पण परिणाम तोच होता. मंडळ नामधारी आणि कर्ता-करविता दुसरा. १९३६ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. एजंटाच्या नेमणुकीची मुदत एका वेळी २० वर्षांपुरती मर्यादित झाली आणि मंडळातील एक-तृतीयांशाहून अधिक संचालक त्याने नेमू नयेत असे बंधन आले. बंधन आले याचाच अर्थ असा की त्यापूर्वी रोग पुष्कळ फैलावला होता.

या व्यवस्थेचे एक प्रकरण आपल्या शेजारीच घडले. तुळजापूरचा घाट उतरला की पुढे सोलापूर. १९४८ पूर्वी मध्ये निजामी सरहद्द होती, पण पोटाला सरहद्द नसते. दुष्काळाने घराबाहेर काढलेली आपल्या भागातील माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. त्या गिरण्यांत सर्वांत जुनी ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, १८७७ साली चालू झालेली. लोक तिला 'जुनी गिरणी' म्हणत. या कंपनीचे भरणा झालेले भांडवल ३२ लाख रुपये होते. त्यांत एक हजार रुपयांचे १,५९० आणि पाचशे रुपयांचे २० साधे भाग पुरते भरलेले होते. आणि शंभर रुपयांचे ३२,००० अग्रहक्काचे भाग होते, ज्यांवर प्रत्येकी ५० रुपयेच भरलेले होते. हा शेवटचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे भांडण त्याच्यावरूनच झाले.

ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. सोलापूरसारख्या गिरणीवर जगणाऱ्या शहरात जुनी गिरणी बंद होणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने या एकाच कंपनीसाठी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. गैरव्यवस्था व हयगय यांमुळे कापडासारख्या आवश्यक वस्तूचे उत्पादन घटले आणि बेकारी माजली, हे कारण सरकारने दिले. मॅनेजिंग एजंटांना दूर करण्यात आले, जुन्या संचालकांची पदे संपली आणि सरकारने आपले संचालक नेमले. भागधारकांचे भाग त्यांच्याकडेच राहिले; मात्र त्यांना संचालक निवडता येईना, आणि त्यांनी केलेला ठराव केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून लागू होईना.

हे प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिल्याने चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने कायद्यालाच आव्हान दिले. ४ डिसेंबर १९५० रोजी न्यायालयाने बहुमताने त्यांचा अर्ज फेटाळला; दोन न्यायमूर्तींनी मात्र, एकाच कंपनीला वेगळे का काढले, असा प्रश्न करून भिन्न मत नोंदविले. दुसरे प्रकरण द्वारकादास श्रीनिवास यांचे. सरकारने नेमलेल्या संचालकांनी अग्रहक्काच्या भागांवर उरलेले ५० रुपये भरा, अशी मागणी काढली. द्वारकादास हे असे भाग धारण करणारे होते. मागणी करण्याचा अधिकारच या मंडळाला नाही, असे म्हणून ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्याविरुद्ध निकाल लागला. परंतु १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

कंपनी आहे तेथेच आहे, मालमत्ता तिच्याच नावावर आहे, आम्ही केवळ देखरेख करतो, अशी सरकारची बाजू होती. न्यायालयाने नावापलीकडे पाहिले. संचालक कोणी नेमले, ते कोणाच्या ताब्यात वागतात, भागधारकाच्या हाती प्रत्यक्ष काय उरले, हे त्याने तपासले आणि मोबदला न देता कंपनीची मालमत्ता सरकारने वस्तुतः आपल्याकडे घेतली आहे, असा निष्कर्ष काढला. पुढे १९५५ साली राज्यघटनेची चौथी दुरुस्ती झाली, तिच्या कारणांत हाही निकाल होता. हे प्रकरण मालमत्तेच्या मूलभूत हक्काचे होते, छायासंचालकाचे नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी त्यातला धडा आमच्या विषयाचाच आहे. आधी मंडळामागे एजंट होते, नंतर सरकार आले. दोन्ही वेळा मंडळाची पाटी जागच्या जागी होती. पाटी वाचून सत्ता कोठे आहे ते कळत नाही. त्यासाठी वहिवाट पाहावी लागते.

सोलापूरचा हा वाद चालू असतानाच, ऑक्टोबर १९५० मध्ये, भारत सरकारने कंपनी कायद्याच्या फेरविचारासाठी सी. एच. भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला आणि त्यातून १९५६ चा कंपनी कायदा जन्मला. ज्याच्या आज्ञेप्रमाणे वा सूचनेप्रमाणे मंडळ नेहमी वागते, त्या माणसाला या कायद्याने कसुरीबद्दल जबाबदार धरले. त्याबरोबर सातव्या कलमात एक न्याय्य अपवादही ठेवला: कोणी आपल्या व्यवसायाच्या नात्याने सल्ला दिला आणि मंडळ त्याप्रमाणे वागले, तर तेवढ्यावरून त्याला या सदरात ओढू नये. वकिलाने आणि हिशेबतपासनिसाने सल्ला द्यायचाच नाही, तर कंपन्या चालाव्यात कशा?

१९५६ च्या कायद्याने मॅनेजिंग एजन्सीला आणखी आवळले आणि ३ एप्रिल १९७० रोजी ती पद्धत कायमची बंद झाली. एक मोठी सुधारणा झाली, यात शंका नाही. परंतु सत्ता गाजविण्याची हौस कायद्याने रद्द होत नसते. जो पूर्वी करार करून उघडपणे राज्य करीत होता, त्याला आता करार करता येईना. मग त्याला पडद्यामागे जाण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. म्हणूनच १९१७ च्या त्या जुन्या वाक्याचे महत्त्व १९७० नंतर आपल्याकडे कमी न होता वाढले, असे आम्हांस वाटते.

मधल्या काळात ब्रिटनमध्ये या विचाराला बराच आकार आला. १९८० च्या कंपनी कायद्यात 'छायासंचालक' हा शब्द प्रथमच वापरात आला आणि १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याने, कंपनी बुडणार हे दिसत असूनही व्यवहार रेटणाऱ्या छायासंचालकाला स्वतःच्या खिशातून भर घालायला लावण्याची सोय केली. मग न्यायालयांपुढे प्रश्न आले. १९९४ च्या हायड्रोडॅम प्रकरणात न्यायमूर्ती मिलेट यांनी कसोटी लावून दिली. मंडळावरील संचालक कोण ते पाहा. या माणसाने त्यांना वागण्याची दिशा दिली का ते पाहा. ते तसे वागले का ते पाहा. आणि तसे वागण्याची त्यांना सवय झाली होती का ते पाहा. मुख्य कंपनीच्या मंडळावर एखादा माणूस बसतो, एवढ्यावरून तो तिच्या पोटकंपनीचा छायासंचालक ठरत नाही, हेही त्यांनी सांगितले. पुढे २००० साली डेव्हरेल प्रकरणात अपील न्यायालयाने कसोटी थोडी सैल केली. मंडळ कळसूत्री बाहुली झालेच पाहिजे असे नाही. दरडावून दिलेला हुकूमच लागतो असेही नाही. कंपनीच्या कारभारावर ज्याचा खरा प्रभाव चालतो, त्याचा गोड शब्दांतला सल्लाही पुरेसा ठरू शकतो. आपल्याकडे मोठा माणूस कधी हुकूम देतो काय? तो फक्त म्हणतो, 'बघा बुवा, तुम्हांला पटत असेल तर करा.' आणि सगळ्यांना पटते.

आता चालू असलेला आपला कायदा २०१३ चा. त्यात छायासंचालक हा शब्द नाही. पण वस्तू आहे. दुसऱ्या कलमात 'अधिकारी' कोणाला म्हणावे ते सांगताना, ज्याच्या आज्ञेप्रमाणे वा सूचनेप्रमाणे मंडळ, किंवा मंडळातील एक वा अधिक संचालक वागत आले आहेत, तोही अधिकारीच, असे म्हटले आहे. एकच संचालक त्याच्या मुठीत असला तरी ही व्याख्या पुरी होते, हे ध्यानात घ्यावे. 'कसूर करणारा अधिकारी' या दुसऱ्या व्याख्येत मात्र पूर्ण मंडळाची वहिवाट पाहिली जाते. तेथे आज्ञा आणि सूचना यांच्या जोडीला 'सल्ला' हाही शब्द आहे, आणि व्यवसायाच्या नात्याने सल्ला देणाऱ्याचा अपवाद कायम आहे. नियम मोडल्यास दंड किंवा शिक्षा ज्यांना होते, त्यांच्या यादीत हा पडद्यामागचा माणूस अशा रीतीने येऊन बसतो.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल की मुंबईच्या गिरण्या आणि विलायतेचे निकाल, यांच्याशी आमचा संबंध काय? संबंध असा की कंपनी आता आपल्या गावात आली आहे. साखर कारखाना आणि पतसंस्था सहकारी असतील तर त्यांना सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा लागतो. त्यांची गोष्ट आम्ही येथे करीत नाही. परंतु सोयाबीन, तूर, हरभरा यांची खरेदी-विक्री करण्यासाठी जी 'शेतकरी उत्पादक कंपनी' निघते, ती कंपनी कायद्याखालीच निघते. ही सोय २००२ च्या दुरुस्तीने झाली आणि २०२० च्या दुरुस्तीने ती २०१३ च्या कायद्यात आली. १० शेतकरी मिळून अशी कंपनी काढू शकतात. संचालक किमान ५ आणि बहुधा कमाल १५. म्हणजे काल ज्याचे नाव केवळ सातबाऱ्यावर होते, त्याचे नाव आज कंपनीच्या दप्तरात संचालक म्हणून लागले आहे.

समजा, अशा एका कंपनीत पाच संचालक आहेत. कंपनीचा कर भरण्याविषयी हिशेबतपासनीस सांगतो आणि ते ऐकतात. तो जबाबदार नाही, कारण तो त्याचा धंदा आहे. बँक कर्ज देताना अटी घालते. केवळ तेवढ्यावरून बँकही संचालक होत नाही, कारण अट मान्य करायची की कर्ज नाकारायचे, हे ठरविणे मंडळाच्या हाती राहते. पण समजा, तालुक्याच्या ठिकाणी एक वजनदार व्यापारी आहे. त्याचे नाव कंपनीत कोठेच नाही. भाव तो ठरवतो, माल कोणाला द्यायचा ते तो सांगतो, धनादेशाची वही त्याच्या कपाटात असते, आणि बैठकीचे इतिवृत्त त्याच्या दुकानातून लिहून येते. संचालक फक्त सही करतात. तीन हंगाम असे चालले. मग हा मनुष्य 'माझा काय संबंध?' असे म्हणू शकेल काय? कायद्याचे उत्तर 'नाही' असे आहे. ते सिद्ध कसे होईल, तर अशाच लहान गोष्टींवरून: पत्रे, निरोप, बँकेचे व्यवहार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मंडळाने त्याला कधी एकदा तरी 'नको' म्हटले होते काय?

इथपर्यंत ऐकून सही करणाऱ्या संचालकाला हायसे वाटेल. त्याला वाटेल, खरा सूत्रधार पकडला गेला, आता आपण सुटलो. आमच्या व्याख्यानाचा खरा हेतू त्याला येथेच सावध करण्याचा आहे. सूत्रधार सापडला म्हणून नामधारी सुटत नाही. कायदा एकाच्या जागी दुसरा घालीत नाही. तो एकाच्या शेजारी दुसरा उभा करतो. बैठकीला हजर राहून किंवा इतिवृत्त हाती येऊन ज्या संचालकाला नियमभंग कळला आणि तरीही ज्याने हरकत घेतली नाही, तोसुद्धा कसूर करणारा अधिकारी ठरतो. दैनंदिन कारभारात नसलेल्या संचालकाला कायद्याने काही संरक्षण दिले आहे खरे. पण ते ज्याने आपले लक्ष ठेवले त्याला आहे, ज्याने डोळे मिटून सही केली त्याला नाही. हरकत असेल तर ती बैठकीत बोलावी आणि इतिवृत्तात लिहून घ्यावी. त्या एका ओळीची किंमत पुढे फार मोठी असते.

शेताची वहिवाट आणि कंपनीची वहिवाट यांत म्हणूनच एक मोठा फरक आहे. शेतावर ज्याने वर्षानुवर्षे वहिवाट केली, त्याला कायद्याने हक्क दिला. कंपनीत ज्याने पडद्यामागून वहिवाट केली, त्याच्या अंगावर कायद्याने जबाबदारी टाकली. एके ठिकाणी घाम गाळणारा नावाविना राहिला होता, त्याला नाव मिळाले. दुसऱ्या ठिकाणी लाभ घेणारा नावाविना राहू पाहत होता, त्याला नाव चिकटविले. दोन्ही वेळा न्यायाने एकच काम केले: नाव आणि करणी यांची पुन्हा गाठ घालून दिली.

जुनी गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या दारात उभ्या राहिलेल्या कामगाराला संचालक मंडळावर कोणाची नावे आहेत, याच्याशी काही कर्तव्य नव्हते. गिरणी कोणी बुडविली, एवढेच त्याला विचारायचे होते, आणि त्याचे उत्तर त्याला कोणत्याही पाटीवर लिहिलेले सापडले नसते. आज कंपनी त्याच्या नातवाच्या गावात आली आहे आणि कदाचित संचालकाच्या यादीत त्या नातवाचेच नाव आहे. त्याला आम्ही इतकेच सांगू: आपल्या नावाची वहिवाट आपणच करावी. ती दुसऱ्याला करू दिली, तर कायदा त्या दुसऱ्यालाही शोधील, पण आपल्यालाही सोडणार नाही. एवढे सांगून हे विवेचन आम्ही येथेच पुरे करतो.